सुनेची मान, माझे हात

४ मार्च, सोमवार

ही वही मुलाच्या शाळेतली. मागची पानं कोरी होती म्हणून जपून ठेवली होती. पुढच्या पानांवर त्याच्या वजाबाक्या आहेत, निम्म्या चुकलेल्या. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले, तेव्हा कोणी अक्षराला हसू नये. मुळात कोणी वाचूच नये, ही माझी खासगी आहे.

लिहायचं कारण असं की मी आजी होणार आहे. पाचवा महिना लागला. हे लिहिताना मला हसू येतंय आणि समोर बसलेले हे विचारतायत, काय झालं. काही नाही म्हटलं.

आनंदात एकच खडा. सून रोज दुपारी डोकं धरून बसते. मानेच्या मुळातून सुरू होतं, वर चढतं आणि उजव्या डोळ्यामागे जाऊन ठाण मांडतं. आता तिचं काम सांगायला हवं. ती दात बनवते. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या पुरवणारी एक लॅब आहे, तिथे ही दिवसभर मान खाली घालून भिंगातून बघत मेणाचे दात कोरते. माझी खालची कवळी तिच्याच हातची, लग्न ठरायच्या आधीची. तोंडात बसवली त्याच दिवशी मी मुलाला सांगितलं, हिला सोडू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, लघवी तपासली, सगळं ठीक निघालं. म्हणाल्या, हे मानेचं दुखणं आहे. या दिवसांत गोळ्यांपेक्षा हातांनी उपचार करणाऱ्या बाईंकडे जा. पत्ता दिला. मी म्हटलं, हात तर घरातच आहेत. बेकरीत एकतीस वर्षं पीठ मळलंय मी.

सून म्हणाली, "आई, माझी मान म्हणजे पाव नाही."

७ मार्च, गुरुवार

बाईंकडे जाऊन आलो. मी मनात त्यांना मानेवाली म्हणते. बुटक्या, पुरुषी घड्याळ, ते काढून खिशात ठेवलं आणि हात गरम पाण्याखाली बराच वेळ धरले. खोली लहान, एक उंच पलंग, उशा मात्र सात. सुनेला डाव्या कुशीवर झोपवलं. एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटाखाली, एक पाठीशी. एवढी बडदास्त मला मुलाच्या वेळी कोणी ठेवली नव्हती. मी नवव्या महिन्यापर्यंत भट्टीसमोर उभी होते. पण ते जाऊ दे.

मग मानेवालीने कवटीच्या खाली, केस संपतात तिथे, बोटं ठेवली. आणि नुसती ठेवली. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. सात मिनिटं हात हलला नाही.

न राहवून विचारलं, "बाई, काही करताय ना?"

"करतेय की."

"काय?"

"वाट बघतेय."

मला वाटलं, फसलो. पण सून उठली तेव्हा तिच्या कपाळावरची आठी गेली होती. म्हणाली, सहा होतं, तीनवर आलं. हे आकडे म्हणजे शून्य ते दहा, दुखणं मोजायचे. त्यासाठी मानेवालीने एक छापील कागद दिला. तारीख, कुठे दुखतं, किती दुखतं. रोज भरायचा आणि फोनवरून त्याचा फोटो पाठवायचा. सुनेला लिहायचा कंटाळा, म्हणून ते काम मी घेतलं.

शेवटी मानेवाली बरंच काही समजावून सांगत होती, कुठल्या डोकेदुखीला हात लावायचा नाही वगैरे. माझं लक्ष कोपऱ्यातल्या सापळ्याकडे गेलं होतं. दात चांगले होते त्याचे. सूनही तेच बघत असणार, कारण जिना उतरताना म्हणाली, "आई, त्याची खालची दाढ उलटी बसवलीय."

कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला खळीने पक्का चिकटवला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काहीबाही छापलं होतं, पण चिकटवायला एक बाजू लागतेच.

१८ मार्च, सोमवार

आज मानेवालीने मला शिकवलं. आधी म्हणाली, दाखवा तुम्ही कसं करता. मी दाखवलं. सून "अयाई" म्हणाली.

"तुम्ही ढकलताय, आजी. धरा फक्त. पीठ फुगायला ठेवल्यावर तुम्ही त्याला ढकलता का?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फुगत्या पिठाला बोट लावायचं असतं, ते सुद्धा ओल्या बोटाने. एवढंच आहे तर मला येतं. आणि तिने मला आजी म्हटलं. चार महिने आगाऊ.

घरी येऊन ह्यांच्या मानेवर सराव केला. हे खुर्चीतच घोरायला लागले. उठल्यावर म्हणाले, काही फरक पडला नाही.

२९ मार्च, शुक्रवार

रोज संध्याकाळी सहाला सून कामावरून येते, हातपाय धुते आणि कुशीवर पडते. मी हात गरम करून बसते. आधी मान दगड असते. मग बोटांखाली काहीतरी सैल होतं, गाठ पडलेला दोरा पाण्यात टाकल्यासारखं. तेवढ्या वेळात ती मला काय काय सांगते. आज कोणाच्या तोंडाचा साचा आला होता, त्याचा एक सुळा कसा वाकडा होता. लग्नाला चार वर्षं झाली पण आमचं इतकं बोलणं कधी झालं नव्हतं. समोरासमोर असलं की दोघींनाही काही सुचत नाही. पाठीमागून बरं जातं.

उठल्यावर मी विचारते, किती? आज म्हणाली तीन. पण तीन म्हणण्याआधी ती जराशी थांबली, म्हणजे अडीच असणार. अडीचला कागदात जागा नाही. म्हणून मी दोन लिहिलं.

हे चष्म्यावरून बघत होते. ह्यांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली, दुकानदार लांबून बघून काटा नीट करायचे. म्हणाले, "तीनचे दोन? काटा मारतेस?"

"तुम्ही पेपर वाचा," मी म्हटलं.

२५ एप्रिल, गुरुवार

मानेवाली फार खूश आहे. फोनवरचे फोटो उलटे-पालटे करून बघितले. आकडे जिना उतरल्यासारखे उतरतायत म्हणाली. आता दर आठवड्याला नको, पंधरा दिवसांनी या. "आजी, तुमच्या हातात गुण आहे." येताना मी एक थांबा आधीच उतरले आणि चालत आले. नुसतं चालावंसं वाटत होतं.

खरं सांगायचं तर गुण आहेच. सुनेचं दुपारचं दुखणं पुष्कळ कमी झालंय. बाळ लाथा मारतं. माझा हात पोटावर ठेवला की थांबतं, ह्यांचा ठेवला की मारतं.

१४ मे, मंगळवार

मुलगा लिफ्ट बसवायच्या कामावर दुसऱ्या गावी गेलाय. आठवड्याला एकदा येतो, तोही झोपायला. जाताना मला म्हणाला, "आई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण हा मुलगा जन्मल्यापासून मला एवढं गोड कधी बोललेला नाही.

मानेवालीने भेट दीड महिन्यावर नेली. पुढची सत्तावीस जूनला. कागदावर नुसते एक आणि दोन आहेत. एखाद्या दिवशी सून चार म्हणते, मग मी माझंच काही चुकलं असेल असं समजून दोन लिहिते. उद्या नीट धरलं की दोन होणारच असतं.

२८ मे, मंगळवार

डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. रक्तदाब जरा वरच्या अंगाला आहे म्हणाल्या, पुढच्या वेळी परत बघू, अकरा जूनला या. आम्ही जिना चढून गेलो होतो, लिफ्ट बंद होती. त्याचंच असेल. नवरा लिफ्ट बसवतो आणि बायको जिने चढते, यावर आम्ही दोघी येईपर्यंत हसत होतो.

४ जून, मंगळवार

सून आता काय सुंदर दिसते! गाल वर आलेत. आधी चेहरा सुकलेला असायचा, आता भरलाय. हातही भरलेत. काल अंगठी निघेना, साबण लावून काढली आणि कपाटात ठेवली. चपला चढत नाहीत म्हणून ह्यांच्या घालते. हे म्हणाले, माझ्या चपला आजवर कोणी इतक्या रुबाबात घातल्या नव्हत्या.

शेजारीण म्हणाली, मुलगी असणार, आईचं रूप खुलवते. मला काहीही चालेल.

डोकं मात्र परत सुरू झालंय. आता सकाळी उठल्यापासूनच असतं, आणि मागे नाही, पुढे, कपाळभर. लॅबमधून सुट्टी घेतली तिने. मी संध्याकाळी तर करतेच, आता सकाळीही करते. आज धरून झाल्यावर विचारलं, किती? माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "चार. बरं वाटलं, आई." हसली. हसून झाल्यावर डोळे मिटून घेतले.

दोन लिहिलं.

७ जून, शुक्रवार

दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरीणबाई रजेवर आहेत, अकराच्या ऐवजी अठराला या. बरंच झालं, सुनेला कुठे जायची इच्छाच नाहीये. पडदे ओढून पडून असते. उजेड नको म्हणते.

९ जून, रविवार

म्हणाली, डोळ्यांपुढे चमचमतं. मी म्हटलं, भट्टीचं दार उघडून आत बघितलं आणि मग मान वळवली की मलाही दिसायचं, तासाभराने जातं. उकाडा काय कमी आहे? उजवीकडे बरगडीखाली दुखतं म्हणते. तिथे बाळाचा पाय असणार, मुलगा माझ्या पोटात असताना नेमका तिथेच रुतवून बसायचा. दुपारी उलटी झाली. पहिल्या महिन्यांत झाल्या नव्हत्या, आता उट्टं काढते.

हे म्हणाले, "अगं, डॉक्टरांना फोन करू का?"

"त्या रजेवर आहेत."

"मग दुसऱ्या कोणाला?"

मी म्हटलं, तुम्ही घाबरलात की तिलाही घाबरवाल. ह्यांनी पेपर उघडला. पण तासाभराने परत विचारलं.

११ जून, मंगळवार

आज मला जरा अपमान झाल्यासारखं वाटतंय, ते लिहून टाकते.

तिची मान लोण्यासारखी मऊ आहे. एक गाठ नाही, कुठे ओढ नाही. तीन महिन्यांत इतकी छान मान माझ्या हाताला लागली नव्हती. आणि डोकं मात्र उतरत नाही. पाऊण तास धरलं. माझे अंगठे बधिर झाले. विचारलं, किती? म्हणाली चार. म्हटलं, कालही चारच होतं. म्हणाली, "मग साडेतीन, आई. तुम्ही दमलात. बसा आता."

मी काहीतरी चुकीचं धरतेय. पोट वाढलं की धरायची जागा बदलत असेल. सत्तावीस तारखेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी एकटीच मानेवालीकडे जाऊन नवी पद्धत विचारून येते. सुनेला सांगायचं नाही, तिला वाटेल मला जमत नाही. वही बरोबर नेते, म्हणजे सांगेल ते लिहून घेता येईल.

१२ जून, बुधवार

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. दुपारचे साडेचार. आत जाऊ देत नाहीत, हात रिकामे आहेत, म्हणून लिहिते. झालं तसं लिहिते.

साडेनऊला मानेवालीकडे पोचले. एक पेशंट पलंगावर होता. मला दारात बघून म्हणाली, बसा आजी, दहा मिनिटं. मी म्हटलं, माझं लहानसंच काम आहे, इथूनच विचारते. मान मऊ पडली पण डोकं उतरत नाही, तर आता कुठे धरू?

तिने पेशंटच्या पाठीवरून हात उचलले.

"मान मऊ आहे?"

"लोणी."

"मग कुठे दुखतंय?"

"कपाळभर. उठल्यापासून. पण तुमची पद्धत चांगली आहे हो, माझंच काही..."

"कधीपासून?"

मी वही उघडली. चार जूनपासून म्हटलं. आणि वही उघडलीच आहे तर तिला सुनेचं सगळंच वाचून दाखवावं असं वाटलं, मला कौतुकच होतं. गाल भरले ते वाचलं. अंगठीचं वाचलं, चपलांचं वाचलं, तिथे पलंगावरचा माणूस हसला. मानेवाली हसली नाही. मग चमचमण्याचं वाचलं, बरगडीचं आणि उलटीचं. एवढं होईपर्यंत तिने घड्याळ मनगटावर चढवलं होतं आणि पेशंटला म्हणत होती, कपडे घाला, मला जायचंय.

मला विचारलं, "घरी तिच्याजवळ कोण आहे?"

"आमचे हे."

"फोन लावा. झोपवून ठेवा म्हणावं, एकटीला उठू देऊ नका. आजी, कागदावर तर दोन आहे!"

मी म्हटलं, "ती चार म्हणते. मी दोन करते."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या गाडीत बसल्यावर फक्त एकदा म्हणाली, "आकडे बघूनच मी भेट दीड महिन्यावर टाकली. मी आकडे बघत बसले, तिला बघितलंच नाही." हे ती मला म्हणत होती की स्वतःला, कळलं नाही.

घरी आलो. मला वाटलं होतं, आता ती धरेल आणि एका मिनिटात उतरवेल, आणि मी नीट बघून घेईन. तिने मानेला हातच लावला नाही. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. परत भरली. ह्यांनी वाकून काटा बघितला. जन्मभर काटे बघितलेल्या माणसाने आधी दाराबाहेर जाऊन चपला घातल्या, मग लक्षात आलं की पायात सुनेच्या आहेत.

एकशे बहात्तर आणि एकशे चौदा. मी विचारलं, हे दहापैकी आहे का? मानेवालीने सुनेला धरून गाडीपाशी नेलं.

गाडीत सुनेने माझा हात धरला होता. तिचा पंजा नुकत्याच फुगलेल्या पिठासारखा होता. मी बोटाने दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. पीठ जास्त फुगलं की असं होतं. एकतीस वर्षं मी ते बघितलंय. हातात तीन महिने तीच होती आणि मला दिसलं नाही.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरने विचारलं, चमचमणं कधी सुरू झालं, नक्की तारीख सांगा. सून सांगू शकत नव्हती, तिचा शब्द अडखळत होता. मी वही वाचून दाखवली. त्याने ऐकताऐकता लिहून घेतलं. अंगठीपाशी परत विचारलं, तारीख? मी सांगितली. माझ्या अक्षराला कोणी हसलं नाही.

मानेवाली अजून इथेच आहे. दोन बाकं सोडून बसलीय. हे मुलाला फोन करायला बाहेर गेलेत.

नर्स येऊन सांगून गेली, बाळ आजच काढणार. आईसाठी काढावंच लागेल. चौतीस आठवडे. मी विचारलं, दोघंही... ती म्हणाली, बसा.

१३ जून, गुरुवार

काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. एक किलो आठशे. आमच्या बेकरीतले दोन मोठे पाव. रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलंय.

मी आजी झाले. हे लिहिताना कसं वाटेल याचा मी तीन महिने विचार करत होते. काही वाटत नाहीये. सून अजून धोक्यात आहे म्हणतात. बाळ बाहेर आलं की संपलं असं नसतं म्हणे. झटके येऊ नयेत म्हणून तिला सलाईनमधून औषध चालू आहे, त्याने अंगाची आग होते. पट्टा दर पंधरा मिनिटांनी आपोआप फुगतो.

मुलगा पहाटे पोचला. तोंड न धुता आला होता. मी त्याला सगळं सांगितलं, दोनचं पण. मला वाटलं ओरडेल. तो मशीनमधून दोन कप चहा घेऊन आला, एक माझ्या हातात दिला आणि दुसरा घेऊन पार लांबच्या बाकावर जाऊन बसला.

हे म्हणाले, "बोलेल. थोडा वेळ दे."

"तुम्ही मला तेव्हाच अडवायला हवं होतं."

"अडवलं होतं. तू म्हणालीस, पेपर वाचा."

१५ जून, शनिवार

आज सुनेला दहा मिनिटं भेटू दिलं. चेहरा थोडा उतरलाय. आधी ज्याला मी रूप म्हणत होते ती सूज होती. शेजारणीला हे सांगणार नाही.

मी म्हटलं, माझं चुकलं, मी आकडे कमी लिहीत होते. तू चार म्हणायचीस आणि मी दोन.

ती छताकडे बघत म्हणाली, "आई, चार पण नव्हतं."

"मग?"

"शेवटी शेवटी आठ. एकदा नऊ."

मी पलंगाजवळचं स्टूल ओढून बसले.

"तुम्ही इतक्या मनापासून धरायचात. अंगठे थरथरायला लागायचे तुमचे, तरी सोडायचा नाहीत. आठ कसं सांगायचं? तुमचं तोंड एवढं व्हायचं." तिने बोटांनी इवलंसं करून दाखवलं. "आणि मला वाटायचं, तुम्ही खरं तेच लिहीत असाल. डोळे बघून कळत असेल तुम्हाला."

म्हणजे ती माझ्यासाठी निम्मं करायची, आणि मी माझ्यासाठी त्याच्या निम्मं. आठाचे चार, चाराचे दोन. आमच्या मुलाच्या वजाबाक्या परवडल्या.

तिला हसू आलं, मग टाके दुखले म्हणून रडू आलं. नर्सने मला बाहेर काढलं.

१७ जून, सोमवार

सुनेचा रक्तदाब खाली येतोय. डोकं पूर्ण थांबलं. कोणी हात न लावता.

मानेवाली येऊन गेली. सुनेजवळ बसली, फक्त बोलली. जाताना मला म्हणाली, पुढच्या महिन्यात तिला आणा, बाळाला पाजताना मान परत अवघडेल, तेव्हा करू. मी म्हटलं, मी येऊ का बरोबर? म्हणाली, "म्हणजे काय, यायलाच हवं. पण ती बोलेल, तुम्ही ऐकायचं." बरं म्हटलं.

मुलगा आज बोलला. म्हणाला, "आई, घरी जाऊन झोप, तुझा चेहरा कसा झालाय बघ." एवढंच. मी घरी जाऊन झोपले.

२० जून, गुरुवार

आज पहिल्यांदा नातीला हात लावला.

कोपरापर्यंत हात धुवायला लावले, दोनदा. पेटीला बाजूने दोन गोल खिडक्या असतात, त्यातून हात आत घालायचा. नात पालथी होती, नाकात नळी, पायाला दिवा बांधलेला. एवढीशी पाठ. मी पाठीवरून बोट फिरवणार तेवढ्यात नर्स म्हणाली, "चोळायचं नाही. थोपटायचं पण नाही. एवढ्या लहान बाळांना ते सोसत नाही. एक हात डोक्यावर, एक पायांशी. ठेवायचा आणि तसाच ठेवायचा."

"किती वेळ?"

"तिला पुरे होईपर्यंत."

"कसं कळणार?"

"बघत राहा."

मी ठेवला. तिचं सगळं डोकं माझ्या तळव्यात मावलं, वर जागा उरली. गरम होती. केस आहेत. माझ्या शेजारी चाकाच्या खुर्चीत सून होती, तिला आज पहिल्यांदा इथवर आणलं होतं. हे आणि मुलगा काचेपलीकडे उभे होते, एकमेकांकडे न बघता दोघेही सारखेच डोळे पुसत होते.

मला वाटलं, चांगलं जमतंय. मानेवालीने पाहायला हवं होतं. तेवढ्यात नातीने कपाळाला आठी घातली. मी म्हटलं, बघ, माझ्याकडे बघून विचार करतेय.

सून पुढे वाकली, काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "आई, तुमचा अंगठा टोचतोय तिला. काढा."

चार वर्षांत ती मला असं तोंडावर पहिल्यांदा बोलली.

मी हात काढला. कपाळावरची आठी गेली. मग सुनेने खुर्ची पुढे ओढून घेतली आणि दोन्ही खिडक्यांतून आपले हात आत घातले.